स्वमग्न बालक : दोष कोणाचा?

(तृतीय वर्ष कला, मानसशास्त्र विशेष)

यंदाच्या वार्षिकांकासाठी मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या अभ्यासातील एखाद्या विषयावर लिहावे, अशी सूचना आमच्या सरांनी वर्गात केली तेव्हा विषय कोणता निवडावा याबद्दल मला शंका नव्हती. शंका होती ती निराळीच. जे मी वसतिगृहातल्या मैत्रिणींशीसुद्धा कधी मोकळेपणाने बोलले नाही, ते छापील अंकात लिहावे की नाही, ही. शेवटी लिहावयाचे ठरविले. त्याचे कारण असे की, जो विषय मी ग्रंथालयातील पुस्तकांतून समजावून घेतला, तो त्याआधी दहा वर्षे आमच्या घरात माझ्या डोळ्यांसमोर वावरत होता आणि मला तो ओळखता आला नव्हता. माझ्यासारखी आणखीही घरे जळगाव-धुळ्याच्या खेड्यापाड्यांतून असतील, आणि त्यांतील काही घरांतील मुले-मुली आपल्याच महाविद्यालयात शिकत असतील, असे मला वाटते.

विषय आहे स्वमग्नता. इंग्रजीतून आलेल्या 'ऑटिझम' या शब्दाला मराठीत हा प्रतिशब्द रूढ झाला आहे. ही अवस्था म्हणजे काय, तिच्याविषयी जगात कोणकोणत्या चुकीच्या कल्पना होऊन गेल्या, आणि अशा बालकासाठी आपल्या भागात काय करता येण्यासारखे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

उलटा विचारलेला प्रश्न

गतवर्षी द्वितीय वर्षाच्या वर्गात बालविकासाचा भाग चालू होता. सर सांगत होते, "काही मुले बोलावयास लागली तरी 'मी' आणि 'तू' यांची अदलाबदल करतात. जे वाक्य ज्या प्रसंगी त्यांच्या कानी पडले, ते त्या प्रसंगाला चिकटून बसते. पाणी हवे असले की ती 'मला पाणी हवे' असे म्हणत नाहीत. आईने विचारलेला प्रश्नच आईच्या स्वरात परत म्हणतात."

मी वहीत लिहून घेत होते, ती थांबले. आमचे गाव अमळनेर तालुक्यातले. घरी बोली अहिराणी. माझा धाकटा भाऊ माठाजवळ उभा राहून रोज म्हणत असे, "तुले पानी जोयजे का?" घरातले हसत. शेजारची मुले "नही, माले नको" असे उत्तर देऊन पुढे निघून जात. आणि तो तहानलेलाच तेथे उभा राही. दहा वर्षांत हा प्रश्न नसून मागणे आहे, हे आईखेरीज कोणाच्या ध्यानात आले नव्हते. आई मुकाट्याने पेला भरून देई. पण तिला हे शास्त्र म्हणून कोणी सांगितले नव्हते, आणि तिचे म्हणणे ऐकून घेण्याची आम्हांला गरज वाटली नव्हती.

तास संपल्यावर मी सरांना भेटले. त्यांनी दोन पुस्तके काढून दिली आणि एक वाक्य सांगितले : "वाचताना निदान करू नकोस, प्रश्न लिहून ठेव." पुढे धुळ्याला मामांकडे राहून आम्ही भावाची रीतसर तपासणी करविली. स्वमग्नता हा शब्द आमच्या घरात आला तो त्या दिवशी. तोपर्यंत तो दहा वर्षांचा झाला होता.

शब्दाचा इतिहास

'ऑटोस' या ग्रीक शब्दाचा अर्थ 'स्वतः'. त्यावरून १९११ च्या सुमारास ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने 'ऑटिझम' हा शब्द रूढ केला. पण तो लहान मुलांसाठी नव्हता. छिन्नमनस्कतेने ग्रासलेली प्रौढ माणसे बाहेरच्या जगाशी संबंध तोडून आपल्यातच गढून जातात, त्या लक्षणासाठी होता. पुढे १९२५ मध्ये मॉस्कोतील ग्रून्या सुखारेवा या महिला डॉक्टरांनी सहा मुलग्यांचे असे वर्णन प्रसिद्ध केले की, ते आज वाचले तर स्वमग्नतेचेच वाटावे. त्यांच्या कामाकडे मात्र जगाचे फार उशिरा लक्ष गेले.

बालकांमधील स्वमग्नतेच्या अभ्यासाची सुरुवात सर्वसाधारणपणे १९४३ पासून मानतात. त्या वर्षी अमेरिकेतील बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनी ११ मुलांचे, म्हणजे ८ मुलगे व ३ मुली यांचे, निरीक्षण प्रसिद्ध केले. ही मुले माणसांपेक्षा वस्तूंमध्ये अधिक रमत. ऐकलेले शब्द जसेच्या तसे परत म्हणत. नित्याच्या क्रमात किंचित बदल झाला तरी अस्वस्थ होत. १९४४ मध्ये व्हिएन्नाच्या हान्स अस्पेर्गर यांनीही अशाच, परंतु अस्खलित बोलणाऱ्या मुलांविषयी लिहिले.

कॅनर यांच्या निरीक्षणाची सूक्ष्मता आजही मान्य आहे. भाषा निराळी, देश निराळा, काळ निराळा. तरी त्यांच्या मुलांनी इंग्रजीत केलेली 'मी-तू'ची अदलाबदल आमच्या माठाजवळ अहिराणीत घडत होती. ही अवस्था एखाद्या समाजाच्या राहणीतून उपजलेली नाही, ती मनुष्यमात्राच्या घडणीतच कोठेतरी आहे, हे मला त्या एका साम्यावरून जेवढे पटले तेवढे व्याख्येवरून पटले नाही.

आईवरचा आरोप

येथून पुढचा इतिहास मात्र वाचताना मला वारंवार पुस्तक मिटावे लागले. कॅनर यांनी मुलांच्या आईवडिलांविषयीही लिहिले होते, की ते बुद्धिमान पण भावनेने थंड आहेत. ही नोंद पुढे अनेकांनी उचलली. आईच्या मायेत ऊब नाही म्हणून मूल आपल्यातच मिटून जाते, असा सिद्धान्त तयार झाला. शीतकपाटासारखी थंड आई, या अर्थाचा शब्दप्रयोग अमेरिकेत रूढ झाला. शिकागोच्या ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ मध्ये 'द एम्प्टी फोर्ट्रेस' हे पुस्तक लिहून या कल्पनेचा मोठा प्रसार केला. मुलाला आईवडिलांपासून दूर ठेवणे हाच उपचार, असे त्यांचे मत होते.

तिकडे शिकागोत हे चालले होते. आमच्या घरी काय चालले होते? आजी म्हणे, "ग्रहण पाळं नही, म्हनीसन हाई व्हयनं." एक नातेवाईक म्हणत, कापूस वेचायला जाताना पोराला टीव्हीपुढे बसवून जात होती, म्हणून तो असा झाला. वडील रागाच्या भरात आईच्या माहेरचा उद्धार करीत. कोणी म्हणे, "याले कोनी तरी नजर लागनी." गंडे झाले, दोरे झाले. तालुक्याच्या ठिकाणी एका दवाखान्यात दाखविले तेव्हा 'मुलगे उशिराच बोलतात' असे सांगून परत पाठविण्यात आले. आजीलाही ते पटले : "पोऱ्या शे, उशिरा बोली." पुढे शाळेत घातले, तर घंटा वाजली की तो कान झाकून किंचाळे. वर्गाला त्रास होतो म्हणून त्याला घरीच ठेवा, असा निरोप आला. त्याही वेळी सारे आईकडेच पाहू लागले. आई काही बोलत नसे. रात्री त्याला थोपटताना मात्र ती स्वतःशीच म्हणे, "मन्हं काय चुकनं?"

विद्वानांचा सिद्धान्त आणि आमच्या ओट्यावरच्या गप्पा यांत भाषेचा फरक होता. निर्णय एकच होता. दोष आईचा.

हा आरोप शास्त्राने कसा खोडून काढला, तेही सांगितले पाहिजे. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंड यांनी ग्रंथ लिहून स्वमग्नतेचे मूळ मेंदूच्या घडणीत आहे, असे मांडले. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. १९६९ मध्ये पालकांच्या एका सभेत खुद्द कॅनर यांनीच आईवडिलांना दोषमुक्त केल्याचे जाहीर केले. १९७७ मध्ये सुझन फोल्स्टाइन व मायकेल रटर यांनी जुळ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच बीजांडापासून झालेल्या, म्हणजे एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न होती. निरनिराळ्या बीजांडांपासून झालेल्या १० जोड्यांत अशी एकही जोडी नव्हती. घर एक, आई एक, माया एक. फरक होता तो आनुवंशिकतेचा. नमुना लहान होता, परंतु पुढील कितीतरी मोठ्या अभ्यासांनी त्याची दिशा बरोबर ठरविली. आज असे मानले जाते की, या अवस्थेमागे पुष्कळ जनुकांचा वाटा असतो आणि मेंदूच्या घडणीतील हा फरक बहुतांशी जन्माआधीच सुरू झालेला असतो. ग्रहण, नजर, आईचे शेतावर जाणे किंवा तिचा स्वभाव यांचा त्याच्याशी संबंध नाही.

आणखी एका गैरसमजाचा उल्लेख करणे अवश्य आहे. १९९८ मध्ये लंडनमधील अँड्र्यू वेकफील्ड यांनी अवघ्या १२ मुलांवरून गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा स्वमग्नतेशी संबंध सुचविणारा निबंध प्रसिद्ध केला. पुढे लाखो मुलांच्या पाहणीत असा संबंध आढळला नाही. २०१० मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकाने तो निबंध मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफील्ड यांची वैद्यकीय नोंदणीही रद्द झाली. तरीसुद्धा ही अफवा आपल्याकडे अजून फिरते. लस न दिल्याने स्वमग्नता टळत नाही, गोवर मात्र होऊ शकतो.

स्वमग्नता म्हणजे नेमके काय?

स्वमग्नता हा ताप-खोकल्यासारखा रोग नव्हे, वेडही नव्हे. मेंदूच्या विकासाची ती एक निराळी तऱ्हा आहे आणि ती आयुष्यभर राहते. तिच्या खुणा मुख्यतः दोन बाबतींत दिसतात. पहिली, इतरांशी संपर्क साधणे व संवाद करणे. दुसरी, तेच ते वर्तन, ठराविक क्रमाचा आग्रह, एखाद्याच विषयाची विलक्षण ओढ आणि आवाज, प्रकाश, स्पर्श, चव यांविषयी अतिशय कमी किंवा अतिशय जास्त संवेदना.

ब्रिटनमधील लोर्ना विंग यांनी ज्युडिथ गूल्ड यांच्यासह १९७९ मध्ये लंडनच्या एका भागातील मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. विंग स्वतः एका स्वमग्न मुलीची आई होत्या. स्वमग्नतेची कडेकोट चौकट नाही, तिच्या पुष्कळ छटा आहेत, ही गोष्ट त्यांच्या कामामुळे पुढे आली. म्हणूनच आज 'वर्णपट' हा शब्द वापरतात. २०१३ पासून अमेरिकन मनोविकार वर्गीकरणातही सर्व छटांना मिळून एकच नाव आहे. या वर्णपटात एकही शब्द न बोलणारे मूल असते आणि वर्गात पहिला येणारा, पण मधल्या सुट्टीत भिंतीशी एकटा उभा राहणारा विद्यार्थीही असतो. काहींना बौद्धिक अक्षमता असते, काहींना नसते. काहींना फेफरे येतात, पुष्कळांना झोपेची तक्रार असते. निदान झालेल्यांत मुलग्यांची संख्या मुलींच्या तीन-चार पट भरते. तथापि मुलींमधील खुणा लाजाळूपणाच्या नावाखाली झाकल्या जातात, असेही आता अभ्यासक म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या अंदाजाप्रमाणे जगात १२७ माणसांमागे एक माणूस स्वमग्न आहे. आपल्या महाविद्यालयाचा हजेरीपट डोळ्यांसमोर आणला म्हणजे ही संख्या किती जवळची आहे ते कळते.

लहान वयातील खुणा पालकांनी व अंगणवाडी सेविकांनी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. नऊ महिन्यांचे मूल नावाने हाक मारली तरी वळून पाहत नाही. वर्षाचे झाले तरी टाटा करणे, हात पसरणे अशा खुणा फारशा करीत नाही. दीड वर्षाचे झाले तरी चांदोबा किंवा गाय दिसली म्हणजे बोट दाखवून 'तूही बघ' असे सुचवीत नाही. किंवा येत असलेले शब्द मध्येच हरवून जातात. यांपैकी एखादी गोष्ट दिसली म्हणजे स्वमग्नता आहेच असे नव्हे. पण ऐकू येते की नाही यासह तपासणी करून घ्यावी, थांबू नये, एवढे निश्चित.

मराठी शब्दाविषयी मला एक शंका आहे, ती येथे नोंदवते. 'स्वमग्न' म्हटले की स्वतःत बुडालेला, दुसऱ्याची पर्वा नसलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. माझा भाऊ तसा नाही. मी शनिवारी जळगावहून घरी गेले की तो माझ्याकडे पाहत नाही. पण माझी पिशवी उचलून नेहमीच्या खुंटीला अडकवतो आणि नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा, अमळनेर, धरणगाव, पाळधी, जळगाव अशी स्टेशने ओळीने म्हणून दाखवतो. ते त्याचे 'केव्हा आलीस?' आहे. डेमियन मिल्टन या स्वमग्न असलेल्या ब्रिटिश अभ्यासकाने २०१२ मध्ये असे प्रतिपादन केले की, समजण्यातील अडचण दुहेरी असते. स्वमग्न माणसाला आपण कळत नाही, तसा आपल्यालाही तो कळत नाही. मात्र दोष नेहमी त्याच्या पदरी टाकला जातो. हे वाचल्यापासून मला वाटते की, आमच्या घरात मग्न होतो ते आम्हीच.

माझा वाटा

इतरांचे दोष सांगितले, आता माझा सांगते. मी अकरावीत असताना आखाजीला अमळनेरच्या मैत्रिणी झोक्यासाठी आमच्या गावी आल्या होत्या. भाऊ त्यांच्यासमोर हात फडफडवील, ओरडेल, म्हणून मी त्याला आतल्या खोलीत नेले, टीव्ही मोठ्याने लावला आणि बाहेरून कडी घातली. तो मामाकडे गेला आहे असे मी मैत्रिणींना सांगितले. थोड्या वेळाने आतून त्याचा आवाज येऊ लागला. तो स्टेशने म्हणत होता. एकीने विचारले, "आत कोण आहे?" मी म्हणाले, "कोणी नाही, टीव्ही चालू आहे."

टीव्हीचा मोठा आवाज त्याला सहन होत नाही, हे मला नंतर पुस्तकातून कळले. भीती वाटली की पाठ असलेला क्रम म्हणून तो स्वतःला सावरतो, हेही नंतरच कळले. त्या दुपारी तो सुमारे दोन तास स्टेशने म्हणत होता.

मक्याच्या ओळी

कॅनर यांनी वर्णिलेल्या अकरा मुलांतील पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट. मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट नावाच्या लहान गावचा. त्याच्या वडिलांनी १९३८ मध्ये कॅनर यांना ३३ टंकलिखित पानांचे पत्र लिहिले, त्यात मुलाचे इतके बारीक वर्णन होते की, या विषयाचा आरंभ खरे तर एका बापाच्या पत्रापासून झाला असे म्हणावयास हरकत नाही.

डोनाल्ड काही वर्षे एका शेतकरी जोडप्याकडे राहिला. तो तेच ते मोजत बसे, मापे घेत बसे. त्या जोडप्याने त्याला रागावून थांबविले नाही. मापाची आवड आहे ना, मग विहीर खण आणि किती खोल झाली ते सांग. मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजतोस ना, मग नांगर धर आणि नांगरता नांगरता मोज. कॅनर भेटीस गेले तेव्हा हा मुलगा घोडा आणि नांगर उत्तम रीतीने हाताळत होता. १९७१ मध्ये कॅनर यांनी या अकरा जणांचे पुढे काय झाले याचा आढावा घेतला. सरकारी मनोरुग्णालयांत ज्यांची वर्षे गेली, त्यांची प्रगती खुंटलेली आढळली. डोनाल्ड मात्र पदवीधर झाला, बँकेत नोकरीला लागला, मोटार चालवू लागला, पुढे एकटा देशोदेशी हिंडला. २०२३ मध्ये वयाच्या ८९ व्या वर्षी तो वारला.

प्रत्येक मूल डोनाल्ड होईल असे नाही, आणि त्याच्या घरची सांपत्तिक स्थितीही उत्तम होती, हे विसरता येत नाही. परंतु ही हकीकत मी वडिलांना वाचून दाखविली, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. शेतकऱ्याची गोष्ट शेतकऱ्याला कळली. गेल्या पावसाळ्यात कपाशी लावताना त्यांनी भावाला सोबत नेले. दोरीवर खुणा होत्या, खुणेखुणेवर बी टाकावयाचे होते. त्याने एकही खूण चुकविली नाही. पुढे उगवण झाल्यावर कोठे कोठे बी उगवले नाही ते त्याने ओळीच्या क्रमांकासह सांगितले आणि वडिलांनी त्याप्रमाणे नांग्या भरल्या. 'येडं पोर' हा शब्द आमच्या ओट्यावर त्यानंतर मी ऐकला नाही.

आपल्या भागात काय करता येईल?

स्वमग्नता नाहीशी करणारे औषध नाही. फेफरे, झोप, अतिशय अस्वस्थता यांवर औषधे असतात. मुलाला खरे साहाय्य होते ते शिकविण्याचे. वाचा उपचार, व्यवसायोपचार आणि पालकांचे प्रशिक्षण यांचा फायदा होतो, आणि तो जितक्या लवकर सुरू होईल तितका बरा. तज्ज्ञ मोठ्या शहरांतच अधिक, हे खरे. परंतु या बाबतीत एक आशादायक प्रयोग गोव्यात झाला आहे. तेथील 'संगाथ' या संस्थेत आणि पाकिस्तानातील रावळपिंडीत मिळून ६५ मुलांवर केलेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तज्ज्ञ नसलेल्या, परंतु प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी पालकांना मुलाच्या कलाने संवाद करावयास शिकविले. पालक-मुलांच्या संवादात त्यामुळे स्पष्ट सुधारणा दिसली. अंगणवाडी सेविका आणि आशाताई जेथे दारोदार जातात, त्या आपल्या जिल्ह्यांना हे अशक्य का असावे?

कायद्याचा आधारही आता आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचे नाव नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांत त्याचा समावेश झाला. प्रमाणपत्रासाठी ४० प्रश्नांची भारतीय मापनश्रेणी वापरतात. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विम्याचे संरक्षण मिळते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी करतात. विकासातील विलंब शोधणे हेही त्यांचे काम आहे. पथक आले की शंका असलेले मूल घरी दडवून न ठेवता पुढे न्यावे. धुळ्याला १९८९ पासून व जळगावला २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पुढील चौकशीची सुरुवात तेथून करता येते.

एक गोष्ट भाषेविषयी. 'आधीच बोलत नाही, त्यात घरी अहिराणी आणि शाळेत मराठी, मग गोंधळणारच. अहिराणी बंद करा,' असा सल्ला आम्हांला अनेकांनी दिला होता. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाचे बोलणे मागे पडते, असे अभ्यासांत आढळलेले नाही. उलट आई ज्या भाषेत मनापासून बोलू शकते ती भाषाच काढून घेतली, तर मुलाला मिळणारा संवाद तेवढा कमी होतो.

आपल्यापैकी पुष्कळ जण उद्या शिक्षक होतील, कोणी ग्रामसेवक, कोणी तलाठी होतील. आईबाप तर बहुतेक सारेच होतील. घंटेला घाबरणारे मूल वर्गात आले तर घंटा वाजण्याआधी त्याला सांगून ठेवता येते. डोळ्यांत पाहत नाही म्हणून उद्धट ठरविण्याऐवजी तो ऐकतो आहे की नाही, हे दुसऱ्या रीतीने पाहता येते. सूचना थोडक्या शब्दांत, चित्र दाखवून देता येतात. याला तज्ज्ञ लागत नाही, खर्चही लागत नाही.

उपसंहार

अभ्यासाच्या शेवटी मला जे कळले ते एवढेच. जगात असो वा आमच्या घरात असो, 'दोष कोणाचा?' हा प्रश्न जोवर चालू होता तोवर मुलासाठी काहीच झाले नाही. तिकडे त्यात सुमारे तीस वर्षे गेली, आमच्याकडे दहा. तो प्रश्न बाजूला ठेवला, तेव्हा 'याला काय हवे आहे?' हा दुसरा प्रश्न विचारता आला. गेलेली दहा वर्षे परत येणार नाहीत, याची खंत मला आहे. बोलणे शिकविण्यास सर्वांत अनुकूल असा काळ त्यांतच होता.

भाऊ आता अकरा वर्षांचा आहे. माठाजवळ उभा राहून तो अजूनही विचारतो, "तुले पानी जोयजे का?" आई पेला भरते, आणि त्याच्या हाती देताना, त्याच्यासाठी, त्याच्या वतीने हळूच म्हणते, "माले पानी जोयजे." धुळ्याच्या बाईंनी तिला तसे सांगितले आहे. तो पाणी पितो. कधी कधी पेला खाली ठेवताना तेच शब्द पुटपुटतो. आमच्या घरात आता त्या वेळी कोणी हसत नाही.